वहिनींची तलवार

दुपारचे साडेतीन. भिलाईच्या टाउनशिपमधलं एक क्वार्टर. भांडी घासून पालथी घातलेली, दोरीवरचे कपडे वाळत आलेले, यजमान दुसऱ्या पाळीला कारखान्यात गेलेले. आणि दिवाणखान्याच्या मधोमध, टीव्हीसमोर, पदर कमरेला खोचून एक बाई उभी. हात सरळ छताकडे ताणलेला. मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं. नजर पापणी न लववता समोर.

खिडकीतून शेजारीण डोकावते. ‘‘भाभी, पंखा बिगड़ गया क्या?’’

‘‘नहीं नहीं,’’ वहिनी गडबडीनं हात खाली घेत म्हणतात, ‘‘जरा हाथ अकड़ गया था.’’

हात मुळीच आखडलेला नव्हता. वहिनी आकाशातलं तेज तलवारीत उतरवून घेत होत्या. शेजारणीच्या हाकेनं लक्ष उडालं, तेज विरलं आणि समोरच्या लाल राक्षसानं संधी साधून वहिनींचा एक बदाम उडवला. या खेळात आयुष्य बदामांत मोजतात. पत्त्यांतल्या लाल बदामांसारखे ते पडद्याच्या कोपऱ्यात ओळीनं मांडलेले असतात. सगळे संपले की खेळ खलास.

या वहिनी कल्पनेतल्या आहेत, तेव्हा त्यांचं नाव-गाव शोधत कोणी भिलाईचे सेक्टर पालथे घालू नयेत. खेळ मात्र अगदी खरा आहे. त्याचं नाव ‘द लिजंड ऑफ झेल्डा : स्कायवर्ड सोर्ड’. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं तो नोव्हेंबर २०११मध्ये बाजारात आणला आणि १६ जुलै २०२१ला नव्या ‘स्विच’ यंत्रासाठी पुन्हा घासूनपुसून काढला. त्याच्यावर जीव टाकणारी माणसं जगभर आहेत. आणि त्याला नावं ठेवणारीही तितकीच. प्रेमात पडण्यासारखं आणि वैतागण्यासारखं या खेळात एकच आहे : त्यातली तलवार बटण दाबून चालत नाही, हात फिरवावा लागतो.

वहिनींच्या घरी हे यंत्र आलं ते मुलामुळे. बंगळुरूला नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसमधून त्यानं ते घेतलं, दिवाळीत घरी आणलं, चार दिवस खेळला आणि जाताना कपाटात ठेवून गेला. ‘‘आई, धूळ बसू देऊ नकोस,’’ एवढं सांगून. आईनं धूळ बसू दिली नाही. रोज पुसता पुसता एक दिवस ते चालू झालं.

भिलाईतल्या मराठी घराला दूरचं माणूस आणि दूरची वस्तू नवी नाही. १९५५ साली सोव्हिएत युनियनशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्‌घाटन झालं, आणि भाताच्या या मुलुखात पोलादाचं गाव उभं राहिलं. तमिळ, बंगाली, आंध्र, पंजाबी, मल्याळी, सगळे एकाच रांगेतल्या क्वार्टरांत आले. नागपूर तर मुंबई–हावडा मार्गावरचंच, गाडीनं काही तासांवर. तिकडून मराठी माणूस आला यात नवल नाही. रशियन आले तेव्हा भाषेपेक्षा हातवाऱ्यांवर किती काम निभावलं असेल, याचा अंदाज कोणीही करावा. हातानं सांगायचं आणि हातानं समजून घ्यायचं.

वहिनींचे यजमानही हातानंच बोलणारे. कारखान्यात ते क्रेन चालवतात. उंचावरच्या केबिनमध्ये बसायचं, खाली वितळलेल्या पोलादानं भरलेली प्रचंड बादली, लॅडल म्हणतात तिला, आणि हातात दांडे. लॅडल लंबकासारखी झुलू लागली तर काय होईल ते सांगायला नको. ती झुलू न देता नेणं हीच त्यांची तीस वर्षांची विद्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. बायकोला टीव्हीसमोर हात फिरवताना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, ‘‘अगं, या वयात हे काय?’’

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्याकडे नव्वदच्या दशकातलं चित्र डोळ्यांपुढे येतं : परीक्षा संपल्यावर भाड्यानं आणलेलं यंत्र, पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असं छापलेलं आणि आत खरे खेळ डझनभर, टीव्हीपुढे मांडी ठोकून बसलेली पोरं, आणि बातम्यांची वेळ झाली म्हणून ओरडणारे आजोबा. त्यातही एक खेळ मात्र मुलींना, आत्याला, कधीकधी आजोबांनाही ओढून घ्यायचा. तो बदकं मारण्याचा. ‘डक हंट’. त्याला प्लास्टिकची बंदूक असे आणि ती पडद्यावर रोखून खरोखर नेम धरावा लागे. बंदुकीतून काही सुटत नसे. उलट बंदुकीच्या नळीतच उजेड ओळखणारा डोळा असे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमके, आणि तो नळीतल्या डोळ्याला दिसला तर बदक पडलं. म्हणूनच पडद्याच्या अगदी जवळ बंदूक नेऊन फसवणारे वस्ताद तेव्हा गल्लोगल्ली होते. सपाट टीव्ही आले आणि ती बंदूक आंधळी झाली. पण पडद्यातल्या जगात आपला हात घालावासा वाटणं, ही हौस गेली नाही.

ती हौस ओळखणारा माणूस शिगेरू मियामोतो. त्यांचा जन्म १९५२ सालचा, क्योतोजवळच्या सोनोबे या छोट्या गावातला. लहानपणी घरामागच्या टेकड्यांत, शेतांत, तळ्यांकाठी भटकायचा नाद. एकदा एक गुहा सापडली, मग कंदील घेऊन आत जायचा धीर केला. पुढे निन्टेन्डोत नोकरीला लागल्यावर या माणसानं ताकाशी तेझुका यांच्या साथीनं तीच भटकंती खेळात उतरवली. २१ फेब्रुवारी १९८६ला जपानमध्ये पहिला ‘झेल्डा’ आला. हिरव्या टोपीचा एक पोरगा, हातात लाकडी तलवार, आणि पुढे मोठं थोरलं जग. कुठं जायचं ते कोणी सांगणार नाही. नायकाचं नाव लिंक, झेल्डा ही राजकन्या. तिचं नाव अमेरिकन लेखक स्कॉट फिट्‌झजेराल्ड यांच्या पत्नीवरून घेतलेलं. गंमत म्हणजे या जपानी अद्भुतनगरीतलं चलन आहे ‘रुपी’. आपल्या रुपयाशी त्याचं नातं नाही, माणिक या अर्थाच्या शब्दावरून ते आलं असं सांगतात. पण हिरवा रुपी म्हणजे एक, निळा म्हणजे पाच, लाल म्हणजे वीस, आणि तो लोकांच्या घरातले मडके-घडे फोडून मिळवायचा, हे वहिनींना पहिल्या दिवशी कळलं तेव्हा त्या खुदकन हसल्या होत्या. दुसऱ्याच्या घरात शिरून घडे फोडायचे आणि घरमालक काहीच बोलत नाही! खुद्द निन्टेन्डोचा धंदाही १८८९मध्ये क्योतोत सुरू झाला तो फुलांच्या चित्रांच्या पत्त्यांवर. तेव्हा खेळात बदाम निघाले तर ते घराण्याला साजेसंच म्हणायचं.

वीस वर्षं लिंकची तलवार बटणावर चालली. मग २००६च्या नोव्हेंबरात ‘वी’ नावाचं पांढरं यंत्र आलं आणि त्याबरोबर टीव्हीच्या रिमोटसारखी दिसणारी एक दांडी. ती हलवली की पडद्यातलं काहीतरी हलायचं. लोक वेडे झाले. अमेरिकेतल्या बैठकीच्या खोल्यांत टेनिसच्या नावाखाली असे हात फिरले की दांड्या मुठीतून सुटून थेट टीव्हीवर जाऊ लागल्या. महिन्याभरातच कंपनीला मनगटाचे सुमारे ३२ लाख पट्टे बदलून देण्याची घोषणा करावी लागली. २००७मध्ये एका स्पॅनिश डॉक्टरनं स्वतःच्याच दुखऱ्या खांद्यावर वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं, दुखण्याला या यंत्राचंच नाव दिलं आणि उपाय म्हणून आठवडाभर वेदनाशामक गोळ्या नि खेळाला पूर्ण पथ्य सांगितलं. तरीही हे यंत्र जगभरात दहा कोटींहून अधिक खपलं. घेणाऱ्यांत आजीही होत्या आणि आयुष्यात कधी व्हिडिओ गेमला हात न लावलेली माणसंही.

त्या दांडीला कळायचं कसं? आत एक इवलासा तुकडा असतो, तो धक्का ओळखतो. एस.टी.नं करकचून ब्रेक मारला की उभा माणूस पुढे झुकतो ना, तसंच ते. शिवाय दांडीच्या टोकाला एक डोळा, आणि टीव्हीवर ठेवायची एक पट्टी. पुष्कळांना वाटायचं की पट्टी दांडीकडे बघते. खरं तर पट्टी काही बघत नाही. तिच्या दोन टोकांना डोळ्यांना न दिसणारे दिवे असतात एवढंच, आणि दांडीच त्यांच्याकडे बघून आपली दिशा ठरवते. म्हणून पट्टी बिघडली की हुशार मंडळी टीव्हीपुढे दोन मेणबत्त्या लावून खेळायची. आणि खेळ चालायचाही! आपल्याकडे दोन निरांजनांवरही भागलं असतं.

पण धक्का ओळखणं वेगळं आणि हात ओळखणं वेगळं. पहिल्या दांडीला एवढंच कळे की ‘काहीतरी हाललं’. तुम्ही तलवार आडवी फिरवा, उभी फिरवा, नाही तर नुसतं मनगट झटका, पडद्यावरचा वीर आपल्याच मनानं वार करी. २००९मध्ये दांडीला एक ठोकळा जोडला गेला, त्यात वळणं मोजणारं यंत्र होतं, आणि मग कुठं मूठ तिरकी केली की तलवारही तेवढीच तिरकी होऊ लागली. या ठोकळ्याशिवाय जो खेळ चालूच होत नसे, तो म्हणजे वहिनींचा ‘स्कायवर्ड सोर्ड’. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी, निर्माते एइजी आओनुमा. साऱ्या मालिकेतली ही सर्वांत आधीची कथा. ढगांवर तरंगणारं एक गाव, तिथल्या प्रत्येकाचा एकेक मोठा पक्षी, लिंक आणि झेल्डा बालमित्र. एक दिवस वादळात झेल्डा ढगांखाली कोसळते, आणि ज्या जमिनीबद्दल गावानं फक्त दंतकथाच ऐकल्या आहेत, तिथं तिला शोधायला लिंक उतरतो. बरोबर एक तलवार, आणि तलवारीत राहणारी ‘फाय’ नावाची निळी आत्मा. ती हिशेबनिसासारखी बोलते : अमुक होण्याची शक्यता इतके टक्के.

वहिनींनी पहिले आठ दिवस नुसता मार खाल्ला. झाडू मारल्यासारखी तलवार फिरवायची आणि राक्षसानं ती अडवायची. या खेळातले राक्षस बघून मारावे लागतात. त्यानं शस्त्र डावीकडे धरलंय का उजवीकडे, त्यावर वार कुठून करायचा ते ठरतं. एक मांसाहारी झाड आहे. त्याचा जबडा कधी आडवा उघडतो, कधी उभा, आणि वार त्याच रेषेत पडला तरच ते तुटतं. जोर लावून उपयोग नाही. आणि इथंच वहिनींच्या काहीतरी लक्षात आलं. पोळी लाटताना कोणी जोर लावतं का? लाटणं हलकं सोडायचं असतं, कड कुठं जाड राहिली ते बोटांना कळतं, डोळ्यांना नंतर. रांगोळीची रेघ मनगटातून येते, खांद्यातून आली तर वाकडी जाते. पंचवीस वर्षं हा हात रोज काम करतो आहे आणि त्याला काही येतं असं कोणी, खुद्द वहिनींनीही, कधी म्हटलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी खांदा सैल सोडला, मनगट फिरवलं, आणि झाडाचा जबडा मधोमध चिरला गेला.

प्रेमात पडायला एवढं पुरतं. त्या दिवशी पहिल्यांदा शेगडीवरचं दूध उतू गेलं.

ही गोष्ट कोणाला जपानी वाटेल. पण भिलाईपासून जवळच, दुर्ग जिल्ह्यातल्या गनियारी गावाच्या तीजनबाईंनी ती आधीच करून दाखवली होती. हातात एक तंबुरा, त्याला मोरपिसं, आणि तोंडात महाभारत. पंडवानी. बायकांनी बसून गायचं अशी रीत होती. तीजनबाई वयाच्या तेराव्या वर्षी शेजारच्या गावात उभ्या राहिल्या आणि कापालिक पद्धतीनं, म्हणजे गात, नाचत, अभिनय करत कथा सांगू लागल्या. समाजानं त्यांना बाहेर काढलं, पुढे त्याच समाजानं डोक्यावर घेतलं. भिलाईच्या पोलाद कारखान्यानं त्यांना नोकरीत घेतलं. २०१९मध्ये पद्मविभूषण मिळालं, आणि त्याच्या आदल्या वर्षी जपाननंही त्यांना फुकुओका पुरस्कार दिला. ज्यांनी त्यांना रंगमंचावर पाहिलं त्यांना हे सांगायला नको : तो तंबुरा एका क्षणी खांद्यावर गेला की भीमाची गदा होतो, आडवा झाला की अर्जुनाचं धनुष्य, आणि पुढच्याच क्षणी दुःशासनाचा हात. प्रेक्षकाला तंबुरा दिसतच असतो. त्यावरची मोरपिसंही दिसत असतात. तरी गदा पडते तेव्हा पुढच्या रांगेतलं पोर मागे सरकतं.

वहिनींच्या हातात दिसायला प्लास्टिकचा वीतभराहून लहान तुकडा आहे. तंबुरा आणि तो यांत फरक एवढाच की तंबुऱ्यावर विश्वास ठेवायला पुढे माणसं लागतात, आणि इथं विश्वास ठेवणारं यंत्र आहे. फरक लहान नाही, हे कबूल. पण ज्याचा हात यंत्रानं खरा मानला, त्याला त्या क्षणी हा फरक आठवत नाही.

मग आला गिराहिम. पांढऱ्या केसांचा, नखरेल, जीभ बाहेर काढून हसणारा खलनायक. त्याची तऱ्हाच अशी की तुमची तलवार जिकडे, तिकडे त्याचा हात. वार केलात की दोन बोटांत तलवार धरतो, हिसकावून घेतो आणि तुमच्यावरच फेकतो. त्याला फसवायचं म्हणजे तलवार एका बाजूला धरून ठेवायची, त्याचा हात तिकडे येऊ द्यायचा, आणि मग झटकन दुसऱ्या बाजूनं. वहिनी त्याच्याकडून अकरा वेळा हरल्या. दोन आठवडे दुपारी घरात ‘मेल्या, थांब आता’ याशिवाय दुसरं वाक्य उमटलं नाही.

बाराव्या खेपेला त्यांनी नकळत तलवार डाव्या हातात घेतली.

इथं थोडं थांबायला हवं. वहिनी मुळात डावऱ्या. लहानपणी पाटीवर डाव्या हातानं लिहिलं म्हणून बोटांवर पट्टी बसली, पंगतीत डावा हात पुढे आला म्हणून आत्याबाईंनी डोळे वटारले, प्रसाद तर उजव्याच हातावर घ्यायचा. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत डावा हात गप्प झाला. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी डावऱ्यांचं असंच झालं. त्याचं कोणाला फारसं दुःखही झालं नाही, कारण ते दुःख आहे असं कोणी सांगितलं नव्हतं. आणि योगायोग बघा : या मालिकेतला नायक लिंक कित्येक वर्षं डावखुराच होता. डावखुऱ्या मुलांना याचं फार कौतुक. पण २००६मध्ये हात फिरवून खेळायची दांडी आली तेव्हा निर्मात्यांपुढे पेच पडला : बहुतेक लोक दांडी उजव्या हातात धरणार आणि पडद्यावरचा वीर तलवार डाव्या हातात! त्यांनी काय करावं? त्या वेळच्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ या खेळाचं सगळं जगच आरशात धरल्यासारखं उलटं केलं. डोंगर इकडचे तिकडे, गावं तिकडची इकडे, आणि लिंक उजवा. तोच खेळ कंपनीच्या जुन्या यंत्रावर खेळलात तर तो डावखुरा. ‘स्कायवर्ड सोर्ड’मध्ये तर तो सरळ उजवाच आहे. म्हणजे पट्टीचा मार लिंकलाही चुकला नाही, फक्त त्याच्यासाठी निदान जग तरी फिरवलं गेलं.

पडद्यावरचा लिंक उजव्या हातानं लढत राहिला आणि इकडे वहिनी डाव्या. यंत्राला त्याचं सोयरसुतक नाही. त्याला तलवार कुठून कुठं गेली एवढंच कळतं. गिराहिमचा हात उजवीकडे आला, वहिनींची तलवार डावीकडून फिरली, आणि चाळीस वर्षं गप्प बसलेला हात काय वेगानं गेला हे पाहून त्या स्वतःच दचकल्या. गिराहिम हरला. वहिनी सोफ्यावर बसल्या आणि बराच वेळ डावा तळवा उजव्या हातात धरून बघत राहिल्या.

रात्री फोनवर मुलाला सांगितलं. तो पलीकडे ओरडलाच. ‘‘आई, तू त्याला हरवलंस? मी तर तिथंच सोडून दिला होता. बटणांवर घेतलंस ना?’’

‘‘बटणं कशाला? हात आहेत की.’’

बटणांचं त्यानं विचारलं ते उगीच नाही. २०२१च्या आवृत्तीत बटणांनी खेळायचीही सोय आहे. मूळ खेळ आला तेव्हा पुष्कळांचं म्हणणं पडलं होतं की तलवार भरकटते. तक्रार खोटी नव्हती. वळणं मोजणारं ते यंत्र फक्त ‘आता किती वळलं’ एवढंच सांगतं. एकूण कुठं तोंड आहे ते बेरीज करून काढावं लागतं. किराण्याच्या वहीत रोज चार आण्यांची चूक होत गेली की महिन्याअखेर कशी रक्कम जुळत नाही, तसं होतं. मग वहिनी सरळ उभ्या आणि तलवार शेजारच्या भिंतीकडे. एक बटण दाबून हिशेब पुन्हा शून्यावर आणावा लागतो, आणि तो नेमका लढाईच्या ऐन भरात. पुढे २०१७मध्ये याच फुजिबायाशींनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आला, तो अफाट गाजला, आणि त्यात तलवार पुन्हा बटणावर गेली. धंद्याचा निकाल लागला म्हणायचा. बहुसंख्यांना थकून आल्यावर सोफ्यावर रेलून खेळायचं असतं, आणि त्यात त्यांचं चुकलं असंही नाही. पण त्यामुळे वहिनींची तलवार ही एका अर्थानं वंशातली शेवटची ठरली. ज्यांना ती आवडली त्यांना दुसरी मिळाली नाही.

यजमानांचं मत बदललं ते एका साप्ताहिक सुटीच्या दिवशी. खेळात दोरीला लटकून झोके घेत पलीकडे जायचं असतं. तेही हात हलवूनच. वहिनी दहादा खाली पडल्या. यजमान पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, ‘‘घाई करतेस. झोका वर गेला की सोड त्याला. तो परत यायला लागला की मग हात दे.’’ वहिनींनी तसं केलं आणि पार झाल्या. यजमानांनी पेपर खाली घेतला. ‘‘लॅडलला उलटं करावं लागतं,’’ ते म्हणाले. ‘‘झोका मोडायचा असतो. तुझा वाढवायचाय.’’ आणि मग पहिल्यांदाच, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, त्यांनी हातात दोन चमचे धरून कारखान्यात नेमकं काय करतात ते बायकोला करून दाखवलं. जेवायला त्या दिवशी अडीच वाजले.

सगळं गोडच होतं असं नाही. डावा खांदा दुखू लागला, तीळतेल लावावं लागलं. भिशीच्या बायका ‘आजकल दिखती नहीं’ म्हणू लागल्या. एकदा यजमान रात्री साडेदहाला घरी आले तर वरण लागायचं होतं. ते बोलले नाहीत, पण वहिनींना लागलं. खेळाच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये आजारांच्या यादीत जागा दिली आहे. सगळं सोडून वर्षभर माणूस त्यातच राहिला तर त्याची गणना तिथं होते. वहिनी त्या यादीपासून पुष्कळ लांब होत्या. तरी त्यांनी स्वयंपाकघरातला घड्याळाचा गजर साडेचारचा लावला आणि पाळला. मुलाला आयुष्यभर जे सांगितलं ते स्वतः मोडायचं कसं?

गोष्ट पुढे सरकत गेली. हा खेळ पुरा व्हायला पस्तीस-चाळीस तास लागतात. वहिनींच्या तासाभराच्या दुपारींना तो आश्विनापर्यंत पुरला. एक ठिकाण असं आलं की तिथं झेल्डा सापडते, पण घरी येत नाही. संकट दाबून ठेवण्यासाठी तिला हजारो वर्षं झोपून राहायचं असतं, आणि ते ती स्वतःच ठरवते. तिथं वहिनींनी यंत्र बंद केलं आणि दोन दिवस लावलं नाही. तिसऱ्या दिवशी लावलं.

अखेरीस सगळं निस्तरल्यावर ती तलवार दगडी चौथऱ्यात रोवून ठेवायची असते, कायमची. म्हणजे फायचाही निरोप. सबंध प्रवासभर टक्केवारीत बोलणारी ती निळी आत्मा तेव्हा पहिल्यांदा हिशेब सोडून बोलते. हे मुलानं फोनवर नको म्हणत असताना सांगून टाकलं होतं.

दिवाळीला मुलगा घरी आला. रात्री जेवणं झाल्यावर त्यानं यंत्र लावलं, आईचा खेळ उघडून पाहिला आणि चकित झाला. शेवटच्या लढाईच्या दारात लिंक उभा होता. सगळे बदाम भरलेले. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

‘‘आई, इथपर्यंत आलीस आणि शेवट नाही केलास?’’

वहिनी फराळाचा डबा बंद करत होत्या. ‘‘तुझी वाट बघत होते,’’ त्या म्हणाल्या.

यजमानांनी पेपरवरून त्यांच्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. मुलानं एक तुकडा आईच्या उजव्या हातात द्यायला पुढे केला. वहिनींनी डावा हात पुसला आणि पुढे केला.